रसिकांचा कान खोटा नव्हता

पिंक फ्लॉइडच्या 'विश यू वेअर हिअर' या अल्बमला 2025 साली पन्नास वर्षं पूर्ण झाली. तो अजून तितक्याच ओढीने ऐकला जातो याचं काही जाणकारांना वैषम्य वाटतं. त्यांचं म्हणणं असं: हे रसिक गाणं ऐकतच नाहीत, गाण्याच्या निमित्ताने आपलं तरुणपण ऐकतात. हा स्मरणरंजनाचा मामला आहे, त्याला रचना, दर्जा असली भारदस्त नावं देऊ नका. शिवाय गाणी पाल्हाळिक, भाव थंडगार, आणि स्वतः गडगंज झालेल्या बँडने रेकॉर्डच्या धंद्याला नावं ठेवणं म्हणजे शुद्ध ढोंग. आपल्याकडच्या चाहत्यांसाठी एक वेगळा टोला राखून ठेवलेला असतोच. लंडनच्या स्टुडिओतल्या या दुःखाशी मराठी माणसाला काय देणंघेणं?

हे सगळं गेली कित्येक वर्षं मी ऐकत आलो आहे. बहुतेक वेळा चाहते हसून विषय बदलतात, आणि त्यामुळे आक्षेप घेणाऱ्यांना आपलं म्हणणं सिद्ध झाल्यासारखं वाटतं. ते सिद्ध झालेलं नाही.

आठवणींनी हळवं व्हायचं तर आधी आठवण हवी. 1975 सालाच्या आपल्या आठवणी कोणत्या? 25 जूनच्या रात्री आलेली आणीबाणी आणि 15 ऑगस्टला लागलेला 'शोले'. त्याच सप्टेंबरात हा अल्बम निघाला आणि इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, पण पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात तेव्हा तो कितीशा घरांत पोचला असेल? आपल्यापैकी बहुतेकांना तो पुढे कधीतरी भेटला, एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवत, मूळ आवाजात फितीची खरखर मिसळत. कव्हर कसं आहे हेही अनेकांना ठाऊक नव्हतं. ज्या काळाशी हा हळवेपणा जोडला जातो, तो काळ आपल्या वाट्याला आलेलाच नव्हता.

यावर उत्तर तयार असतं. 1975 नसेल, हॉस्टेलचे दिवस तर होते! होते, कबूल. पण त्याच हॉस्टेलात, त्याच टेपरेकॉर्डरवर इतरही ढीगभर गाणी वाजत होती. त्यातली आज एखादी कानावर पडली तर क्षणभर बरं वाटतं आणि दुसरं कडवं यायच्या आत मन दुसरीकडे निघून जातं. स्मरणरंजनाचा जीव एवढाच असतो. आठवणीच्या जोरावर गाणी जगत असती तर ती सगळीच जगायला हवी होती. त्यातली चार-दोन उरली, बाकीची गळून गेली. उरलेल्यांत असं काय होतं, हा खरा प्रश्न आहे आणि तो गाण्यात शिरल्याशिवाय सुटत नाही. आज विशीत असलेली मुलं हेडफोन लावून हा अल्बम ऐकतात, त्यांच्याजवळ तर आमचं हॉस्टेलही नाही.

तेव्हा गाण्यातच शिरू. अल्बमची सुरुवात 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'ने होते. नऊ भागांची ही रचना. पहिले पाच भाग अल्बमच्या आरंभी, उरलेले चार अखेरीस, आणि मध्ये तीन गाणी. लांबीबद्दलची सगळी तक्रार या गाण्याबद्दल असते, कारण पहिला शब्द ऐकू येईपर्यंत साडेआठ मिनिटं उलटून गेलेली असतात.

त्या साडेआठ मिनिटांत काय घडतं? प्रथम एक सूर धरला जातो. सिंथेसायझर आणि ऑर्गनचा तो सूर आहे, पण त्यात काचेचाही आवाज मिसळला आहे. 'द डार्क साइड ऑफ द मून' या आधीच्या अल्बमच्या प्रचंड यशानंतर बँडमधल्या चौघांनी वाद्यं बाजूला ठेवून नुसत्या घरगुती वस्तूंमधून एक अल्बम करायचा घाट घातला होता. तो तडीस गेला नाही. मात्र वाइनच्या ग्लासांत कमीजास्त पाणी भरून ओल्या बोटाने त्यांच्या कडा घासून काढलेले सूर शिल्लक होते, ते इथे कामी आले. या धरलेल्या सुरावर आधी रिचर्ड राइटचा मूग सिंथेसायझर आणि मग डेव्हिड गिलमोरची गिटार सावकाश बोलू लागते, ठेक्याशिवाय. चौथ्या मिनिटाच्या आसपास सगळं ओसरतं आणि गिटारवर फक्त चार सूर येतात.

हे चार सूर जगभरच्या चाहत्यांना तोंडपाठ आहेत. पाश्चात्त्य नावांनी ते बी फ्लॅट, एफ, जी आणि ई. इतका वेळ कानात भरलेला जी हा षड्ज मानला तर कोमल गंधार, कोमल निषाद, षड्ज आणि शेवटी शुद्ध धैवत. स्वर काफी थाटातले आहेत, म्हणून याला राग म्हणायचं कारण नाही. तसला ओढूनताणून काढलेला संबंध मला नको. पण शेवटचा सूर कुठे ठेवला आहे ते बघा. षड्जावर येऊन थांबायची सोय होती. गिटार षड्जाला स्पर्श करते आणि धैवतावर जाऊन उभी राहते. वाक्य अर्धवट राहतं. तेच पुन्हा वाजतं, पुन्हा अर्धवट राहतं, मग निक मेसनचे ड्रम्स येतात आणि गाणं चालू लागतं. सगळं गाणं ज्या माणसाबद्दल आहे तो मध्येच निघून गेलेला आहे, आणि ही गोष्ट शब्द यायच्या साडेचार मिनिटं आधी चार सुरांत सांगून झालेली असते.

याला पाल्हाळ म्हणायचं? आपण तर डिसेंबरच्या थंडीत शाल लपेटून सवाई गंधर्वच्या मांडवात बसणारे लोक. विलंबित ख्यालाची बढत होताना आपल्याला घाई नसते, गवई षड्जावर किती वेळ रेंगाळला याचा हिशेब कोणी मांडत नाही. धीर धरून ऐकायची सवय आपल्याला घरातूनच लागलेली आहे. त्या सवयीच्या माणसाने साडेआठ मिनिटांचा बाऊ करावा, हे मला खरोखर समजत नाही. उलट रॉकवर वाढलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यापेक्षा आपल्याला या सुरुवातीत शिरणं सोपं जायला हवं, आणि माझा अनुभव तसाच आहे. रॉकचा गंध नसलेल्या, पण ख्याल ऐकणाऱ्या माणसांना मी हे ऐकवलं आहे. ती या गाण्यावर कधी अडली नाहीत.

आता थंडपणाचा आरोप. हा मात्र गंभीर आहे आणि जुनाही. 'रोलिंग स्टोन' मासिकाने 1975 साली केलेल्या परीक्षणात हीच तक्रार होती की ज्या मित्राचं आयुष्य विस्कटलं त्याच्याबद्दल ही मंडळी इतक्या कोरडेपणाने गातात, जणू किरकोळ बाब आहे. त्याच मासिकाने पुढे आपल्या सार्वकालिक श्रेष्ठ 500 अल्बमच्या यादीत हा अल्बम घेतला. समीक्षकाचं मत बदलायला काळ जावा लागला. चाहत्यांना आधीच कळलं होतं. असं का झालं हे समजण्यासाठी या चौघांचं आणि त्या मित्राचं, सिड बॅरेटचं, नातं माहीत असायला हवं.

सिड हा केंब्रिजचा मुलगा. रॉजर वॉटर्स आणि गिलमोरही तिथलेच. पिंक फ्लॉइडला आकार दिला सिडने. 1967चा पहिला अल्बम जवळजवळ त्याच्या एकट्याच्या लेखणीतून उतरला. त्याच वर्षी त्याचं मन ताळ्यावरून सुटत गेलं. एलएसडी हे एक कारण म्हणून नेहमी सांगितलं जातं. नेमकं काय झालं याचा निवाडा आपण करू नये. कार्यक्रमात तो एकच सूर वाजवत उभा राही, कधी वाजवतच नसे. मदतीला म्हणून गिलमोरला बँडमध्ये घेतलं. आणि जानेवारी 1968 मध्ये साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना, सिडला घ्यायला जायचं का, असा प्रश्न गाडीत निघाला आणि कशाला, असं ठरलं. भांडण झालं नाही, निरोप झाला नाही. एका संध्याकाळी ते त्याच्या घराकडे वळलेच नाहीत. एप्रिलमध्ये तो बँडमधून गेल्याचं जाहीर झालं, आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्याविना हे चौघे जगातल्या सर्वांत यशस्वी वादकांत गणले जाऊ लागले.

'शाइन ऑन' लिहिणारी माणसं ही आहेत. ती निव्वळ दुःखी नाहीत, अपराधी आहेत. अपराधी माणूस धाय मोकलून रडू शकत नाही. रडण्याचा हक्क आपण गमावला आहे हे त्याला ठाऊक असतं. वॉटर्सचा आवाज म्हणूनच कोरडा आहे. त्याने गळा काढला असता तर परीक्षकाचं समाधान झालं असतं आणि गाणं खोटं पडलं असतं. ज्याने कधी कोणाला मागे टाकलं आहे, वेळेवर फोन केला नाही, भेटायला जायचं टाळलं आणि नंतर फार उशीर झाला, त्याला हा कोरडेपणा ओळखीचा वाटतो. अशा माणसांची गावोगाव कमतरता नाही. लंडनच्या दुःखाशी आपला संबंध काय, या प्रश्नाचं उत्तर मला यापेक्षा वेगळं द्यावंसं वाटत नाही.

5 जून 1975ची गोष्ट चाहत्यांत घराघरांत सांगितली जाते. ॲबी रोड स्टुडिओत 'शाइन ऑन'चं मिक्सिंग चालू असताना एक लठ्ठ, डोकं आणि भुवयाही भादरलेला माणूस येऊन बसला. कोणी ओळखलं नाही. तो सिड होता. ओळख पटल्यावर वॉटर्सला रडू आवरलं नाही, असं तिथे असलेल्यांनी पुढे सांगितलं आहे. त्या भेटीतूनच हे गाणं सुचलं असं काही जण रंगवून सांगतात, ते चूक आहे. गाणं 1974 मध्येच तयार होतं. फ्रान्स आणि इंग्लंडच्या दौऱ्यांत ते वाजवलंही गेलं होतं. मला यातली खरी हकिगत दंतकथेपेक्षा जास्त हलवते. दीड वर्षं ज्याच्यावर गाणं घडवत होते तो समोर येऊन बसला आणि त्याला ओळखण्याइतकी नजरही त्यांच्यापाशी उरली नव्हती.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. सिडच्या बाबतीत काही चाहते वाईट वागले. वेडाला प्रतिभेचा दागिना समजून त्याची पूजा केली, आणि केंब्रिजला शांतपणे राहणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या, बागेत रमणाऱ्या माणसाच्या दारात जाऊन उभे राहिले, त्याचे चोरून फोटो काढले. त्याला तो त्रास नको होता. 2006 मध्ये तो गेला तोवर हा ससेमिरा थांबला नाही. याचं समर्थन होऊ शकत नाही. पण दारात उभे राहणारे मूठभर आणि घरात बसून ऐकणारे असंख्य, यांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे.

ढोंगाचा आरोपही सिडला विसरून केला जातो. 'वेलकम टू द मशीन' आणि 'हॅव अ सिगार' या दोन गाण्यांत रेकॉर्ड कंपन्यांच्या धंद्यावर वार आहेत हे खरं, आणि बँडने त्याच धंद्यात अमाप पैसा कमावला हेही खरं. मात्र यंत्राने ज्याला चिरडलं त्याच्या गाण्याच्या दोन अर्ध्यांमध्ये ही गाणी मुद्दाम बसवलेली आहेत. 'शाइन ऑन' मधोमध तोडून त्यात नवी गाणी घालायची कल्पना वॉटर्सची. गिलमोरला ती पसंत नव्हती. वॉटर्सचं बरोबर ठरलं. या मांडणीमुळे यंत्राविरुद्धची गाणी तक्रार न राहता कबुली होतात, कारण साउदॅम्प्टनला जाणारी ती गाडी यंत्राचाच भाग होती आणि हे चौघे तिच्यात बसलेले होते. 'हॅव अ सिगार'मधला कंपनीचा गोडबोल्या साहेब बँडपैकी कोणी गायलेला नाही. शेजारच्या स्टुडिओत आपलं काम करणाऱ्या रॉय हार्परने तो गायला. आणि कव्हरवर हस्तांदोलन करणाऱ्या दोघांपैकी एक जळतो आहे. बरबँकच्या स्टुडिओ आवारात रॉनी रॉन्डेल या स्टंटमनला खरोखर पेटवून तो फोटो घेतला, आणि वाऱ्याने ज्वाळा उलटून त्याच्या मिशा होरपळल्या. हा अल्बम काळ्या आवरणात गुंडाळून विकला गेला, म्हणजे इतक्या जिवावर बेतून काढलेलं चित्र गिऱ्हाइकाला आधी दिसूही नये अशी सोय केली. निव्वळ धंद्यावर डोळा ठेवणारा असं करत नाही.

आता शीर्षकगीताकडे येतो, कारण सर्वांत स्वस्त टोमणा याच्या वाट्याला येतो. गिटार हातात घेतलेला प्रत्येक नवशिका हेच वाजवतो, आता कान किटले, असं म्हणतात. नवशिके वाजवतात हे सोळा आणे खरं. ते का वाजवतात याचा विचार मात्र कोणी केलेला दिसत नाही.

गाण्याची सुरुवात आठवा. 'हॅव अ सिगार' संपता संपता त्याचा आवाज एकदम आक्रसतो, जणू कोणी भरगच्च स्टुडिओतून उचलून तो एका लहानशा रेडिओत कोंबला. मग स्टेशन बदलत असल्याची खरखर, कोणाचं तरी बोलणं, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा एक तुकडा. हे आवाज गिलमोरच्या मोटारीतल्या रेडिओवरून घेतलेले आहेत. मग एका स्टेशनवर बारा तारांची गिटार लागते, पातळ, लांबची, रेडिओतून यावी तशी. ती तशीच चालू राहते, आणि थोड्या वेळाने दुसरी गिटार सुरू होते. ही मात्र खोलीतली आहे, अगदी जवळची. बोटं तारेवरून सरकल्याचा आवाज येतो, वाजवणारा खोकतो, नाक ओढतो. कोणीतरी एकटा माणूस घरात बसून रेडिओवर लागलेल्या गाण्याला साथ देतो आहे, असं चित्र गिलमोरने जाणून उभं केलं आहे.

तो एकटा माणूस म्हणजे श्रोता. गाण्याने आपल्या चाहत्याला पहिल्याच मिनिटात आत घेतलं, हातात गिटार देऊन बसवलं. खोलीतली ती दुसरी गिटार सुरुवातीला चाचपडत वाजते, मध्ये जागा सोडते, रेडिओचं ऐकून उत्तर देते. नागपूरच्या हॉस्टेलातला किंवा ठाण्याच्या चाळीतला मुलगा मोबाइलवर हे गाणं लावून त्यावर आपली गिटार जुळवतो तेव्हा तो कोणाची नक्कल करत नसतो. त्याच्यासाठी मोकळी ठेवलेली जागा तो भरत असतो. रेडिओपलीकडचा माणूस त्याच्याजवळ नाही, आणि तरी दोघं एकत्र वाजवत आहेत. गाण्याचा सगळा विषयच हा आहे. इतक्या साध्या युक्तीने इतकं साधलेलं दुसरं रॉक गाणं मला माहीत नाही. कान किटले म्हणणाऱ्यांनी पहिलं दीड मिनिट सोडून थेट ध्रुपदावर उडी मारलेली असते, अशी माझी खात्री आहे.

चिवट चाहत्यांचा आणखी एक किस्सा स्मरणरंजनाच्या आरोपाला पुरून उरतो. ॲबी रोडमध्ये त्या काळात व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली यहुदी मेन्युहिनबरोबर ध्वनिमुद्रण करत होता. त्याला बोलावून या गाण्यावर वाजवून घेतलं, पण अंतिम मिश्रणात व्हायोलिन जवळजवळ गडप झालं आणि श्रेयनामावलीत नावही आलं नाही. तरी चाहते गाण्याच्या अखेरीस, वाऱ्याच्या आवाजात, ते शोधत राहिले. ग्रापेलीचं वादन स्पष्ट ऐकू येणारं ध्वनिमुद्रण 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. तसंच 'शाइन ऑन'च्या शेवटी, सगळं विरत असताना, राइटच्या कीबोर्डवर सिडच्या 'सी एमिली प्ले'ची चाल क्षणभर डोकावते. मी ती कितीतरी वर्षं ऐकूनही ओळखली नव्हती. एका जुन्या फ्लॉइडवेड्या मित्राने त्या जागेवर बोट ठेवलं. आठवणीत गुंग झालेले लोक असं ऐकत नाहीत. ही कान लावून, पुन्हा पुन्हा परीक्षा घेत ऐकणारी माणसं आहेत.

परकेपणाच्या मुद्द्यावर फार वेळ घालवायची मला गरज वाटत नाही. फेब्रुवारी 2007 मध्ये वॉटर्स मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर गायला आला. त्या दौऱ्यात 'शाइन ऑन' आणि 'विश यू वेअर हिअर' ही दोन्ही गाणी होती. त्याआधी कितीतरी वर्षं धोबी तलावच्या रंगभवनात इथली पोरं रॉक वाजवत आणि ऐकत होती. त्या गर्दीत मराठी मुलं भरपूर होती आणि त्यातली अनेक जण दुसऱ्या दिवशी भीमसेनांची मैफल ऐकत. आपल्या आवडीत दोन्ही बसतात, एकाने दुसऱ्याची जागा अडत नाही.

आणि जागा अडवण्याचाच शेवटचा आक्षेप आहे. म्हणे जुन्या रॉकच्या या भक्तीमुळे नव्या संगीताला वाव मिळत नाही. जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्त्या महागड्या खोक्यांत भरून पुन्हा पुन्हा विकल्या जातात, ॲप आपल्याला तेच ते पुढ्यात टाकतं, हे खरं आहे आणि मलाही त्याचा राग येतो. त्याच ॲपवर उलटसुलट क्रमाने गाणी लावली की 'शाइन ऑन'ची दोन अर्धी एकमेकांपासून तुटतात, 'हॅव अ सिगार'चा रेडिओ कुठेच उघडत नाही, आणि पाच गाण्यांचं, सुमारे चव्वेचाळीस मिनिटांचं एकसंध काम तुकड्यातुकड्यांत विकलं जातं. या व्यवहारात सगळ्यांत जास्त नुकसान झालं असेल तर ते याच अल्बमचं आणि त्याच्या चाहत्यांचं. जो माणूस आजही पहिल्या ग्लासच्या सुरापासून शेवटच्या 'एमिली'पर्यंत न उठता ऐकतो, त्याने कोणत्याही नव्या गायकाच्या पोटावर पाय दिलेला नाही. असा श्रोता नव्या गायकालाही मिळाला तर तो सुखी होईल. तक्रार करायची असेल तर ती दुकानदाराकडे करा. ऐकणाऱ्याच्या दाराशी ती घेऊन येण्याचं काही कारण नाही.